कोसबाडची टेकडी, बोईसरची लिंक

पालघर जिल्ह्यातल्या बोईसर स्टेशनाच्या पश्चिमेला तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तिच्या आजूबाजूला सरावली, पास्थळ, कुंभवली, कोलवडे ही गावं. कधीकाळी भातशेतीची, आता चाळींनी भरलेली. इथल्या एखाद्या मराठी शाळेत, दुसरीच्या वर्गात मागच्या बाकावर जरा वेळ बसलं, की ‘बाई, माझी पुस्तक घरी राहिली’ हे वाक्य कानावर येतंच. म्हणणाऱ्या मुलाचे आईवडील बिहार किंवा उत्तर प्रदेशातून कारखान्याच्या कामासाठी आलेले असतात. हिंदीत पुस्तक ही ‘ती’ आहे. शिवाय हिंदीत नपुंसकलिंग नाहीच, त्यामुळे ‘तो’ आणि ‘ती’ यांच्यापुढचं ‘ते’ या मुलाला कुठून माहीत असणार? शेजारी बसलेल्या गुजराती मुलीला हे सोपं जातं, कारण गुजरातीत तिन्ही लिंगं आहेत. तिच्यामागच्या ओडिया मुलाच्या घरच्या भाषेत तर व्याकरणातलं लिंगच नाही. आणि खिडकीजवळ बसलेली, पाड्यावरून आलेली वारली मुलगी तिच्या घरच्या बोलीत काही बोलते, तेव्हा ते अशुद्ध मराठी समजून दुरुस्त केलं जातं. पुढे वाचन आलं की ‘चाक’मधला च आणि ‘चिमणी’मधला च यांचं त्रांगडं सुरू होतं. मराठीत अक्षर एक आणि उच्चार दोन; हिंदी घरातल्या मुलाच्या कानाला त्यातला एकच ठाऊक.

या वर्गाला शिकवणाऱ्या बाई किंवा सर बहुधा बीड, सोलापूर, जळगाव, नांदेड अशा कुठल्यातरी जिल्ह्यातून नोकरीसाठी इथे आलेले. डीएडला त्यांना मराठी कसं शिकवायचं ते शिकवलं होतं, पण समोरची सगळी मुलं मराठी बोलतच येतील, हे तिथे गृहीत होतं. मग या वर्गाचं काय करायचं हे त्यांनी कुणाला विचारायचं?

गेल्या दहा वर्षांत या प्रश्नाला व्यवस्थेनं दिलेलं उत्तर एका शब्दात सांगता येतं: लिंक.

पालघर, बोईसर, डहाणू या पट्ट्यात शिक्षकांशी बोलताना हा शब्द इतक्यांदा येतो, की तो आता मराठीच झाला आहे. लिंक आली. लिंक भरली का? लिंक आज रात्री बारापर्यंतच आहे. ती प्रशिक्षणाची असेल, माहिती भरण्याची असेल, कुठल्या उपक्रमाचे फोटो चढवण्याची असेल. या लेखाचा विषय शिक्षकांनी स्वतः शिकण्यासाठी डिजिटल साधनांचा केलेला स्वीकार हा आहे, आणि त्यातली पहिली अडचण या शब्दातच दिसते. शिकण्याची लिंक आणि हिशेब देण्याची लिंक एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर, एकाच सुरात येतात.

आधी थोडं मागे जायला हवं, कारण दुरून शिकवण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. राज्याचं ‘जीवन शिक्षण’ हे शिक्षकांसाठीचं मासिक दीडशे वर्षांहून जुन्या परंपरेचं. टपालानं शाळेत येणारं ते प्रशिक्षणच होतं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात देशानं उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा ‘साइट’ हा प्रयोग केला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत संच बसवले आणि त्यावरून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवावं याचं प्रशिक्षणही दिलं. पुढे सर्व शिक्षा अभियानाच्या काळात उतरंडीची पद्धत रुजली. राज्यावर तज्ज्ञ तयार होणार, त्यांनी जिल्ह्याला सांगायचं, जिल्ह्यानं तालुक्याला, तालुक्यानं दहा-बारा शाळांच्या केंद्राला. वरून ओतलेलं दूध खाली येईपर्यंत किती पातळ होत असे, हे त्या काळातल्या कुठल्याही गुरुजींना विचारावं. गट साधन केंद्राच्या सभागृहात सतरंजीवर बसून घेतलेल्या त्या प्रशिक्षणांतला चहा आणि भेटीगाठी आठवतात, मजकूर आठवत नाही, असं सांगणारे पुष्कळ आहेत. (भेटीगाठी आठवतात हे मात्र लक्षात ठेवू. त्याचं काम पुढे पडणार आहे.)

मग फोन आला. योगायोग असा, की यातल्या दोन महत्त्वाच्या तारखा शिक्षकदिनाच्याच आहेत. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट शिक्षकाच्या पगारात सहज बसू लागलं. त्यानंतर बरोबर वर्षानं, ५ सप्टेंबर २०१७ ला, केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ हे शिक्षकांसाठीचं व्यासपीठ आलं. पण या परिसरातल्या शिक्षकांनी डिजिटल साधनं हातात घेतली ती त्याही आधी, आणि वरच्या आदेशाविना. पालघर वेगळा होण्यापूर्वीच्या अखंड ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकानं गावाच्या मदतीनं वर्ग डिजिटल केला. राज्यभरातून शिक्षक ती शाळा बघायला जाऊ लागले. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमामुळे या हालचालीला सरकारी बळ मिळालं आणि लोकवर्गणीतून हजारो शाळांत प्रोजेक्टर, टॅबलेट आले. बोईसरसारख्या ठिकाणी कारखान्यांच्या सीएसआर निधीची भर पडली. शिक्षकांनी पैसे काढले, वायरी ओढल्या, स्वतःच्या मोबाइलवर व्हिडिओ बनवायला शिकले आणि एकमेकांना शिकवलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याची त्यांची कल्पना अशाच वातावरणातली. महाराष्ट्रातल्या प्राथमिक शिक्षकाला तंत्रज्ञान नको असतं, हे विधान ज्यांनी ती वर्षं पाहिली त्यांनी तरी करू नये.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. केंद्र सरकारचा ‘निष्ठा’ हा शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम २०१९ च्या ऑगस्टमध्ये समोरासमोरच्या वर्गांनी सुरू झाला होता, तो आता दीक्षावर गेला. प्राथमिक स्तरासाठी १८ अभ्यासक्रम आले, पुढे पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचे आणखी १२. प्रत्येकाच्या शेवटी चाचणी, ७० टक्के मिळाले की प्रमाणपत्र. अभ्यासक्रमांची मुदत ठरलेली. २०२० मध्येच आलेल्या नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असं म्हटलं. आकड्यांकडे पाहिलं तर हे ऑनलाइन प्रशिक्षण मोठं यश आहे. इतक्या कमी काळात इतके शिक्षक कुठल्याही सभागृहात बसवता आले नसते.

पण त्याच काळात यूट्यूबवर त्या चाचण्यांची उत्तरं सांगणारे व्हिडिओ आले आणि व्हॉट्सॲपवरून फिरू लागले. हे उघड गुपित आहे. यावरून शिक्षकांना कामचुकार म्हणणं सोपं आहे आणि चुकीचंही आहे. कारण वरून विचारलं काय जात होतं? शाळांच्या केंद्रातल्या किती जणांचं प्रमाणपत्र आलं, एवढंच. अभ्यासक्रमातलं काय वर्गात करून पाहिलं, काय जमलं, काय फसलं, हे विचारायला कुणी नव्हतं. मजकूर वाईट होता असंही नाही. पायाभूत साक्षरतेच्या भागांत मुलाच्या घरच्या भाषेला वर्गात जागा द्यावी, हे स्पष्ट सांगितलं होतं. बोईसरच्या वर्गाला नेमकं तेच हवं होतं. पण ते देशभरासाठी लिहिलेलं होतं. ‘माझी पुस्तक’ म्हणणाऱ्या मुलाला उद्या सकाळी साडेदहाला काय म्हणायचं, हे त्यात कसं असणार? तो शेवटचा कोस शिक्षकानं एकट्यानं चालायचा होता, आणि चालण्याआधीच पुढची लिंक येत होती.

त्या फोनवर आणखी काय काय आहे, तेही पाहायला हवं. २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती. मग शाळांच्या माहितीसाठी यूडायस प्लस. आधार जुळणी. पोषण आहाराची रोजची नोंद. चाचण्यांचे गुण भरण्यासाठी आणि हजेरीसाठी चॅटबॉट. दोन शिक्षकी शाळेत हे करणारे हात दोनच असतात, आणि त्यातले एक मुख्याध्यापकाचे. फोन स्वतःचा, रिचार्ज स्वतःचा, वेळ बहुतेकदा घरचा. वसई-विरारकडून येणारे शिक्षक गाडीत ही कामं उरकतात. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, त्यामुळे विरार ते बोईसर, वाणगाव हा प्रवास अनेकांचा रोजचा झाला. वैतरणेच्या पुलावर रेंज जाते-येते आणि चाचणीचं पान अर्ध्यात अडकतं. अशा अवस्थेत कोणी चार तासांचा अभ्यासक्रम मन लावून पुरा केला असेल, तर त्याला मी मनापासून नमस्कार करेन. तसे शिक्षक आहेत.

स्वीकाराला रेटा देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे वेतनश्रेणी. बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ व निवड श्रेणीसाठी प्रशिक्षण आवश्यक असतं. २०२२ साली राज्यानं ते इन्फोसिसच्या ‘स्प्रिंगबोर्ड’ व्यासपीठावर ऑनलाइन घेतलं. शुल्क २,००० रुपये. पन्नाशीतल्या गुरुजींनी त्या निमित्तानं ईमेल, ओटीपी, लॉगिन हे सगळं शिकून घेतलं, शाळेतल्या तरुण सहकाऱ्यांकडून किंवा स्वतःच्या मुलांकडून. लॉगिन येणं हेही शिकणंच आहे, ते मी कमी लेखत नाही. फक्त त्याला अध्यापन शिकणं म्हणू नये.

बोईसर सोडून पूर्वेला गेलं की चित्र पालटतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर राज्याचा ३६ वा जिल्हा झाला, तेव्हा त्यात समुद्र, डोंगर आणि कारखाने हे तिन्ही आले. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून तारापूरला वीज तयार करतं. जव्हार-मोखाड्याच्या काही पाड्यांवर मात्र फोनला रेंज हवी तर टेकाड चढावं लागतं. टाळेबंदीत ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ म्हणत राज्य रोजचा अभ्यास मोबाइलवर पाठवत होतं, तेव्हा दिगंत स्वराज फाउंडेशननं जव्हार-मोखाडा भागात लाउडस्पीकर लावून ‘बोलकी शाळा’ चालवली. तिथपर्यंत पोचलेलं यंत्र ते होतं. आजही तिथल्या शिक्षकांची युक्ती साधी असते: तालुक्याच्या गावी आलं की दीक्षा ॲपवरचा मजकूर फोनमध्ये उतरवून घ्यायचा आणि नंतर रेंजविना पाहायचा. आणि दिवाळी संपली की निम्मा वर्ग आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर निघून जातो. त्या मुलांचं काही महिन्यांनी परतल्यावर काय करायचं? हा प्रश्न इथल्या शिक्षकाला दरवर्षी पडतो, पण त्याचं नेमकं उत्तर ज्याच्यापाशी असेल असा माणूस दिल्लीत किंवा पुण्यात सापडणं कठीण. तो वाड्याच्या नाहीतर विक्रमगडच्या शाळेत असतो, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

आता कोसबाड. या जिल्ह्यात शिक्षकांच्या शिकण्याविषयी लिहायचं आणि डहाणू तालुक्यातल्या त्या टेकडीवर जायचं नाही, हे होणार नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या. त्यांच्या ‘शिक्षण पत्रिके’नं घराघरात आणि शाळाशाळांत बालशिक्षणाचा विचार पोचवला, त्या काळचं व्यासपीठच म्हणा. पण छापील पत्रिका शहरातल्या शिकलेल्या घरांतच राहते, हे ओळखून त्या १९४५ साली बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबतीला आल्या तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं राखायला गेलेल्या मुलांमागून शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. १९७५ मध्ये देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हे नाव तिला या किनाऱ्यावरून मिळालं.

या दोघींच्या कामातली शिक्षक घडवण्याची बाजू मला आज जास्त महत्त्वाची वाटते. कोसबाडला बालवाडीच्या शिक्षिका तयार होत, त्या आधी पाहून. दगड, शिंपले, बिया, पानं घेऊन ताई मुलांबरोबर काय करतात ते बघायचं, मग स्वतः करायचं, संध्याकाळी बसून त्यावर बोलायचं, दुसऱ्या दिवशी बदल करून पुन्हा करायचं. शिकणाऱ्यापुढे मूल होतं, आणि शिकवणारी व्यक्तीही त्याच मुलापुढे उभी होती. माँटेसरीची महागडी साधनं मिळत नाहीत ही अडचण या पद्धतीतूनच सुटली. ती बाहेरून आलेल्या पुस्तकात सुटलेली नव्हती.

ती वाट इथे मोडलेली नाही. १९८२ मध्ये अनुताई वाघ आणि रमेश पानसे यांनी ‘ग्राममंगल’ ही संस्था सुरू केली. तिथे घडलेल्या नीलेश निमकरांनी २००७ च्या सुमारास वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला ‘क्वेस्ट’ उभी केली. क्वेस्टचं काम अंगणवाड्या, जिल्हा परिषद शाळा आणि आश्रमशाळांतल्या शिक्षकांबरोबर चालतं, आणि तिथे व्हिडिओचा वापर वेगळ्या हेतूनं होतो: खऱ्या वर्गातली खरी मुलं, त्यांनी केलेल्या चुका, त्या चुकांमागचा विचार. अशी दहा मिनिटांची फीत पाहून शिक्षक जे बोलू लागतात, ते तासभराच्या भाषणानं होत नाही. कारण पडद्यावरचा वर्ग त्यांच्या वर्गासारखाच दिसतो. फरशी तीच, फळा तोच, आणि ‘मला नाय येत’ म्हणणारं मूलही तेच.

बाहेरच्या जगातही हेच पुढे आलं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतात प्राथमिक शिक्षकांवर मोठा प्रयोग झाला. एका गटाकडे मार्गदर्शक प्रत्यक्ष शाळेत जात. दुसऱ्याला टॅबलेट, तयार पाठ आणि दुरून फोनवर मार्गदर्शन. तीन वर्षांनी प्रत्यक्ष भेटीच्या गटातल्या मुलांची इंग्रजीतली प्रगती अधिक दिसली. दुरून मार्गदर्शन मिळालेल्या गटात फायदा थोडा होता, आणि मुलांच्या घरच्या भाषेतल्या वाचनावर उलटा परिणाम झाला होता. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असलेल्या आपल्या जिल्ह्यानं हा निष्कर्ष भिंतीवर लावून ठेवावा. दुसऱ्या टोकाला, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं चार राज्यांत चालवलेल्या ‘क्लिक्स’ उपक्रमात शिक्षकांचे टेलिग्रामवर गट केले होते. तिथे अभ्यासक्रमासोबत एकमेकांच्या वर्गातले प्रश्न आणि फोटो फिरत. युनेस्कोनं त्या उपक्रमाला पुरस्कार दिला. यंत्र दोन्हीकडे होतं. फरक पडला तो पलीकडे ऐकणारं आणि वर्ग ओळखणारं माणूस आहे की नाही, यानं.

म्हणून बोईसरच्या शिक्षकाला आणखी एक ॲप नको आहे, असं मला ठामपणे म्हणायचं आहे. हवं आहे ते बरंच जवळचं. केंद्रातल्या दहा-बारा शाळांची दरमहा एक शिक्षण परिषद होते. कागदावर ती शिक्षकांच्या शिकण्यासाठीच आहे. प्रत्यक्षात तिचा बराचसा वेळ सूचना, परिपत्रकं आणि कुणाची कुठली लिंक बाकी आहे यात जातो. त्या सूचना ग्रुपवर आधीच आलेल्या असतात. त्या पुन्हा वाचून दाखवणं एवढं थांबवलं तरी दोन तास मोकळे होतील. अभ्यासक्रम घरी पाहावा, परिषदेत त्यातली एकच गोष्ट घ्यावी आणि महिनाभर वर्गात करून पाहिलेलं समोर मांडावं. प्रमाणपत्रासाठी चाचणीऐवजी स्वतःच्या वर्गातली दोन मिनिटांची फीत आणि तिच्याविषयी सहकाऱ्यांपुढे चार वाक्यं एवढं पुरावं. केंद्रप्रमुखांच्या रिकाम्या जागा भरणं, त्यांना माहिती गोळा करण्यातून सोडवणं आणि शाळाभेटीला वेळ देणं, हे त्यामागोमाग आलंच. ५० तासांत हे तास धरले जावेत. शाळेच्या इंटरनेटचं आणि विजेचं बिल शिक्षकानं खिशातून भरू नये, हे तर सांगायलाही लाज वाटते.

काही शिक्षक हे करतातच, कुणी सांगितलेलं नसताना. अशा एका परिषदेतली गोष्ट. सूचना संपल्या होत्या, चहा येऊन गेला होता. कारखान्यांच्या बाजूच्या शाळेतल्या एका बाईंनी फोन वर्गातल्या टीव्हीला जोडला. पडद्यावर त्यांची दुसरी. जमिनीवर खडूनं तीन गोल काढलेले, त्यात तो, ती, ते. मुलं पिशवीतून वस्तू काढत होती आणि आधी आपापल्या घरच्या भाषेत तिचं नाव सांगून मग मराठी गोलात ठेवत होती. पाटी. खडू. रुमाल. पुस्तक हाती आल्यावर एक मुलगा ‘ती’च्या गोलाकडे गेला, थांबला, मागे वळून गुजराती मैत्रिणीकडे पाहिलं, तिनं मान हलवली, आणि त्यानं ते ‘ते’मध्ये ठेवलं. फीत संपली. मागे बसलेले, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले एक गुरुजी म्हणाले, बाई, ते पुन्हा लावा, तो थांबला तिथून. बाईंनी मागे नेलं. मग कुणीतरी विचारलं, की आमच्याकडची वारली मुलं तर ‘ते’ बरोबर म्हणतात, मग त्यांना या खेळात शिकवणाऱ्याची जागा दिली तर? बाईंनी पिशवीतून वही काढली.